सेफ्टन ब्रँकर: कलकत्त्याचे मैदान, औरंगाबादचे माळरान आणि ब्रिस्टलचे विमान

कोलकाता शहराच्या उत्तर टोकाला, हुगळीच्या काठावर वसलेल्या बागबाजार भागात एका गल्लीचे नाव 'मराठा डिच लेन' असे आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांचे घोडदळ बंगालमध्ये शिरले, तेव्हा भयभीत झालेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. हा खंदक बागबाजारपासून सुरू होत असे. सात मैलांची योजना होती. जेमतेम तीन मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण मराठे कलकत्त्यावर चालून आलेच नाहीत. पुढे 1799 मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. घोडदळ कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या दिशेने येत आहे, हे वेळेवर न कळल्याने एका शहराने काय केले, याची ही खूण आहे.

या घटनेनंतर सुमारे 170 वर्षांनी त्याच कलकत्त्यातून लाकूड, तार आणि सुती कापड यांनी बनलेले एक विमान मराठी मुलुखात रवाना झाले. माळरानावर पसरलेले घोडदळ आकाशातून शोधून काढता येते काय, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. त्या विमानात निरीक्षक म्हणून बसलेले तोफखान्याचे कॅप्टन विल्यम सेफ्टन ब्रँकर पुढे ब्रिटनच्या नागरी हवाई वाहतुकीचे संचालक झाले, आणि हिंदुस्थानकडे येण्यासाठी निघालेल्या एका हवाई जहाजात त्यांचा अंत झाला. भारतीय विमानवाहतुकीच्या प्रारंभकाळात ज्यांचे नाव वारंवार येते अशा परदेशी व्यक्तींत ब्रँकर यांची गणना करावी लागते. मराठी वाचकाला मात्र ते फारसे परिचित नाहीत.

ब्रँकर यांचा जन्म 22 मार्च 1877 रोजी लंडनजवळच्या वुलिच येथे एका लष्करी कुटुंबात झाला. बेडफर्ड येथे शिक्षण झाल्यावर 1896 मध्ये ते रॉयल आर्टिलरीत दाखल झाले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात त्यांनी भाग घेतला आणि त्यानंतर त्यांची नेमणूक हिंदुस्थानात झाली. ठेंगणी अंगयष्टी, डोळ्यावर एकभिंगी चष्मा आणि स्वस्थ न बसणारा स्वभाव, असे त्यांचे वर्णन समकालीनांनी केले आहे. 1910 च्या अखेरीपर्यंत मात्र या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत असाधारण असे काही घडलेले नव्हते.

ट्रामच्या शेडमधील विमान

ज्या विमानाने ब्रँकर यांचे आयुष्य बदलले, त्याची जन्मकथा थोड्या विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात ट्रामचा व्यवसाय करणारे धनाढ्य उद्योजक सर जॉर्ज व्हाइट यांनी 19 फेब्रुवारी 1910 रोजी विमाननिर्मितीसाठी कंपनी नोंदवली. 'ब्रिटिश अँड कलोनियल एरोप्लेन कंपनी' असे तिचे नाव होते. तिचे भांडवल 25,000 पौंड होते आणि ते प्रामुख्याने व्हाइट कुटुंबानेच घातले होते. फिल्टन येथील ट्राम कंपनीच्या जुन्या शेडमध्ये कारखाना सुरू झाला. हौशी संशोधकांनी परसात विमाने जुळवण्याच्या त्या काळात एवढ्या मोठ्या रकमेने आणि व्यापारी दृष्टीने या उद्योगात उतरणारी ही ब्रिटनमधील पहिल्या काही कंपन्यांपैकी एक होती.

प्रारंभ मात्र फसला. झोडियाक या फ्रेंच कंपनीकडून घेतलेल्या आराखड्यानुसार बांधलेले विमान धड उडेना. तेव्हा अभियंता जॉर्ज चॅलेंजर यांनी आँरी फार्मान यांच्या यशस्वी विमानाचा नमुना समोर ठेवून नवे आरेखन अल्पावधीत तयार केले. त्याला नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही. फार्मान बंधूंनी कायदेशीर कारवाईची तयारीही केली होती. परंतु ब्रिस्टलच्या कारागिरांनी सांधे, जोडण्या आणि बांधणी यांत पुष्कळ सुधारणा केल्या होत्या आणि अखेरीस तो दावा पुढे गेला नाही. 30 जुलै 1910 रोजी सॉल्सबरी पठारावरील लार्कहिल येथे मॉरिस एडमंड यांनी हे विमान प्रथम उडवले. कंपनीच्या लेखी ते केवळ ब्रिस्टलचे द्विपंखी विमान होते. लोकांनी मात्र पेटीच्या आकाराच्या पतंगावरून त्याला 'बॉक्सकाइट' म्हटले आणि तेच नाव टिकले.

आजच्या वाचकाला या यंत्राची कल्पना येणे कठीण आहे. त्याला बंदिस्त धड असे नव्हतेच. एकावर एक असे दोन पंख, त्यांना जोडणाऱ्या लाकडी दांड्या, ताणलेल्या तारा, मागे शेपटी आणि वर-खाली जाण्यासाठी पुढच्या बाजूला काढलेला आडवा पडदा, असा तो सांगाडा होता. पंखांचा विस्तार सुमारे साडेचौतीस फूट होता. वैमानिक खालच्या पंखाच्या कडेवर, पाय हवेत सोडून बसे. सहप्रवासी त्याच्या पाठीशी किंचित उंचावर बसे. या दोघांच्या मागे 50 अश्वशक्तीचे फ्रेंच 'नोम' इंजिन पंख्यासह स्वतःही गरगर फिरत असे. त्याला वंगण म्हणून एरंडेल तेल लागे आणि त्याचा धूर व तुषार सर्वत्र उडत. वेग ताशी सुमारे 40 मैल, म्हणजे जोराचा वारा समोरून आला तर विमान जागच्या जागी खोळंबून राहावे इतका.

तरीही हे विमान विकले गेले. रशियन लष्कराने 1910 च्या नोव्हेंबरमध्ये आठ विमानांची मागणी नोंदवली. एकंदर पाऊणशेहून अधिक बॉक्सकाइट तयार झाली. त्यांतील अनेक कंपनीच्या लार्कहिल व ब्रुकलँड्स येथील उड्डाणशाळांत शिकाऊ विमाने म्हणून वापरली गेली. पहिल्या महायुद्धाला तोंड फुटेपर्यंत ब्रिटनच्या रॉयल एरो क्लबने दिलेल्या 664 वैमानिक प्रमाणपत्रांपैकी 308 ब्रिस्टलच्या शाळांतील विद्यार्थ्यांना मिळाली होती. विमान बनवायचे आणि ते चालवणारेही घडवायचे, हे व्हाइट यांचे खरे व्यापारी चातुर्य होते, असे म्हणावेसे वाटते.

मैदानापासून माळरानापर्यंत

वसाहतींच्या सरकारांना विमाने विकता यावीत, या हेतूने कंपनीने 1910 च्या अखेरीस दोन पथके पाठवली. एक ऑस्ट्रेलियाला आणि दुसरे हिंदुस्थानला. हिंदुस्थानच्या पथकात आँरी ज्युलरो हे फ्रेंच वैमानिक होते. हे पथक डिसेंबरमध्ये कलकत्त्यात उतरले.

कलकत्त्याला विमान अगदीच नवे नव्हते. त्याच महिन्यात बेल्जियमचे बॅरन द कातेर्स आणि झ्यूल टिक यांनी टॉलीगंज येथे उड्डाणे केली होती. परंतु ब्रिस्टलच्या विमानाचे प्रयोग मैदानावर, शहराच्या मध्यभागी झाले आणि ते पाहण्यास लाखोंचा जनसमुदाय लोटला. कलकत्ता त्या वेळी हिंदुस्थानची राजधानी होती. वंगभंगाविरुद्धचे आंदोलन शमलेले नव्हते. मैदानापासून काही मैल उत्तरेस बागबाजारातून 'अमृत बाजार पत्रिका' निघत होती आणि तेथेच बोसपाडा लेनमध्ये भगिनी निवेदिता यांची मुलींची शाळा होती. साहेबाचे हे नवे यंत्र नेमके कशाच्या कामी येणार, हा प्रश्न अशा शहरात केवळ कुतूहलाचा नव्हता.

ब्रँकर यांना या प्रश्नाचे उत्तर दिसले. कलकत्त्यात पथकाला त्यांनी साह्य केले, ज्युलरो यांच्यासमवेत त्यांनी उड्डाण केले आणि जानेवारी 1911 मध्ये दख्खनमध्ये होणाऱ्या घोडदळाच्या कवायती युद्धात विमानाचा वापर व्हावा यासाठी प्रयत्न केला. हे युद्ध औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात व्हावयाचे होते. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि औरंगाबादला ब्रिटिश लष्कराची छावणी होती. कवायतींची सूत्रे मेजर जनरल मायकेल रिमिंग्टन यांच्याकडे होती. रिमिंग्टन हे बोअर युद्धात नावाजलेले घोडदळाचे सेनापती. त्यांच्या समोर आकाशातून टेहळणी करून दाखवणे म्हणजे घोडेस्वारांच्या पिढीजात कामावरच दावा सांगण्यासारखे होते.

विमान सुटे करून रेल्वेने नेण्यात आले. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा निजामाच्या हद्दीतील लोहमार्ग तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. औरंगाबाद समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत 50 अश्वशक्तीचे इंजिन दोन माणसांसह वर चढवणे कलकत्त्याहून अधिक अवघड होते. ओबडधोबड जमिनीवरून उडणे आणि त्याहीपेक्षा तिच्यावर उतरणे हे या नाजूक सांगाड्याच्या दृष्टीने संकटच होते.

या सर्व अडचणींतून ज्युलरो आणि ब्रँकर यांनी उड्डाण केले. ब्रँकर यांनी वरून प्रतिपक्षाच्या तुकड्यांची ठिकाणे हेरली आणि परत येऊन आपल्या बाजूच्या सेनापतीला सविस्तर वृत्तांत दिला. घोडेस्वारांच्या टेहळणी तुकडीला जे पाहण्यासाठी टेकड्या ओलांडून, शत्रूच्या चौक्या चुकवून जावे लागले असते, ते एका उड्डाणात कळले. ब्रिस्टलच्याच विमानातून कॅप्टन बर्ट्रम डिक्सन यांनी सप्टेंबर 1910 मध्ये सॉल्सबरी पठारावर असा प्रयोग केला होता. तेथे टेलिफोन करण्यासाठी खाली उतरलेल्या डिक्सन यांना प्रतिपक्षाच्या घोडदळाने पकडले होते. हिंदुस्थानात मात्र लष्करी टेहळणीचे हे आरंभीचे उड्डाण मराठवाड्याच्या भूमीवर झाले, ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. महिनाभरानंतर, 18 फेब्रुवारी 1911 रोजी, आँरी पेके यांनी अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल नेले. त्या उड्डाणाची आठवण डाकतिकिटांनी जागती ठेवली. औरंगाबादच्या वाट्याला तसे काही आले नाही.

पथकाच्या पदरात तात्काळ काही पडले नाही. हिंदुस्थान सरकारने विमानांची खरेदी केली नाही. सीतापूर येथे लष्कराची उड्डाणशाळा निघण्यास पुढील दोन-तीन वर्षे जावी लागली. कंपनीच्या जमाखर्चाच्या दृष्टीने हा दौरा फायद्याचा नव्हता. तिने हिंदुस्थानात एक विमानवेडा अधिकारी तेवढा निर्माण केला.

स्थिर विमान, अस्थिर आकाश

इंग्लंडला परतल्यावर ब्रँकर यांनी 1913 मध्ये वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवले. वैमानिक म्हणून ते बेताचेच मानले जात. युद्ध खात्याच्या लष्करी वैमानिकी विभागात त्यांची नेमणूक झाली आणि येथून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त पर्वास प्रारंभ होतो.

फार्नबरो येथील सरकारी रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत एडवर्ड बस्क या तरुण संशोधकाच्या अभ्यासातून बी.ई.2सी हे विमान आकारास आले होते. वाऱ्याच्या झोताने कलंडले तरी ते आपोआप सावरत असे. जून 1914 मध्ये ब्रँकर यांनी फार्नबरोहून विल्टशायरमधील लष्करी तळापर्यंत सुमारे 40 मैल हे विमान नेले. आरंभीची चढाई आणि शेवटचे उतरणे सोडता त्यांनी सुकाणूला हात लावला नाही. वाटेत ते खालच्या प्रदेशाच्या नोंदी लिहीत होते. औरंगाबादला हादरणाऱ्या सांगाड्यावर बसून शत्रू शोधलेल्या निरीक्षकाला हे विमान आदर्श वाटावे, हे स्वाभाविक होते. पाहणाऱ्याला निवांतपणे पाहता यावे, हीच त्यांची विमानाकडून अपेक्षा होती.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू झाले. रॉयल फ्लाइंग कोअरची साठच्या आसपास विमाने फ्रान्सला गेली. विभागाचे प्रमुख डेव्हिड हेंडरसन हेही आघाडीवर गेल्याने लंडनमधील कारभार ब्रँकर यांच्यावर येऊन पडला. विमाने, इंजिने, वैमानिक, तळ, सर्वच गोष्टींची वानवा होती. हवाई दलाच्या वाढीची मोठी योजना युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी ती दुप्पट करण्याचा शेरा मारला. ही वाढ प्रत्यक्षात उतरवण्याचे जे अवाढव्य काम ब्रँकर यांनी केले, त्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते. आराखडा तयार असलेले, चालवण्यास सोपे आणि अनेक कारखान्यांत एकाच वेळी बांधता येण्याजोगे विमान म्हणून बी.ई.2सीच्या मोठ्या मागण्या नोंदवल्या गेल्या. ब्रिस्टलची कंपनीही ते मोठ्या संख्येने बांधू लागली.

पण 1915 च्या उत्तरार्धात जर्मनांचे फोकर हे एकपंखी लढाऊ विमान आले आणि चित्र पालटले. पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडणाऱ्या या विमानासमोर बी.ई.2सीचे स्थैर्यच त्याचे वैरी ठरले. जे विमान आपली सरळ वाट सोडावयास राजी नसे, ते चपळाईने वळवून पाठलाग चुकवणे वैमानिकाला जमत नसे. शिवाय निरीक्षकाची जागा पुढे, पंख आणि तारांच्या जाळ्यात होती. तेथून त्याला नीट गोळीबार करता येत नसे. संसदेत यावरून खडाजंगी झाली आणि चौकश्या झाल्या. तरीही त्या जातीची विमाने आघाडीवर राहिलीच. 'रक्तरंजित एप्रिल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एप्रिल 1917 मध्ये ब्रिटिशांनी सुमारे 245 विमाने गमावली. त्यांत या जुनाट विमानांचे प्रमाण मोठे होते.

याची जबाबदारी एकट्या ब्रँकर यांच्यावर टाकणे योग्य होणार नाही. 1914 मध्ये आकाशात विमाने एकमेकांशी झुंजतील, याचा अंदाज फार थोड्यांना होता. आणि अनेक कारखान्यांत चालू असलेले उत्पादन मध्येच थांबवून नवे सुरू करणे युद्धकाळात सोपे नसते. परंतु सोयीसाठी एकाच आराखड्यावर सारी भिस्त ठेवण्याच्या धोरणात त्यांचा वाटा होता, हेही खरे. विरोधाभास असा, की उत्तर ब्रिस्टलच्याच कारखान्यात तयार होत होते. तेथील आरेखक फ्रँक बार्नवेल यांनी 1916 मध्ये दोन आसनी 'ब्रिस्टल फायटर' तयार केले. वैमानिक आणि निरीक्षक पाठीला पाठ लावून बसल्याने मागून येणाऱ्या शत्रूवरही मारा करता येई. अशी पाच हजारांहून अधिक विमाने बांधली गेली आणि हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर ती 1930 च्या दशकाच्या आरंभापर्यंत वापरात होती. सर जॉर्ज व्हाइट यांना हे यश पाहावयास मिळाले नाही. नोव्हेंबर 1916 मध्ये त्यांचे निधन झाले.

हिंदुस्थानची वाट

युद्धानंतर ब्रँकर यांना 'सर' हा किताब मिळाला. या अधिकाऱ्याने हवाई दल सोडले आणि नागरी वाहतुकीला वाहून घेतले. मे 1922 मध्ये ते नागरी हवाई वाहतूक संचालक झाले. लहान, स्वस्त विमाने आणि ती शिकवणारे उड्डाण क्लब यांचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. जॉफ्री डी हॅविलंड यांचे 'मॉथ' विमान 1925 मध्ये आले आणि या क्लबांना हवे ते साधन मिळाले. हीच मॉथ विमाने काही वर्षांतच मुंबई, दिल्ली आणि कराची येथील उड्डाण क्लबांत आली. जे.आर.डी. टाटा यांना फेब्रुवारी 1929 मध्ये मिळालेला हिंदुस्थानातील पहिला वैमानिक परवाना हे त्याच लाटेचे फळ होय.

नोव्हेंबर 1924 मध्ये हवाई जहाजांच्या तळाविषयी हिंदुस्थान सरकारशी बोलणी करण्यासाठी ब्रँकर यांना यावयाचे होते. सरकार बोटीचे भाडे देण्यास तयार होते. ब्रँकर यांनी अॅलन कॉबहॅम यांच्या डी.एच.50 विमानातून जाण्याचे ठरवले. हवाई वाहतुकीच्या संचालकाने बोटीने जावे, हे त्यांना पटणे शक्यच नव्हते. मेकॅनिक आर्थर इलियट यांच्यासह हे तिघे कलकत्त्यामार्गे रंगूनपर्यंत गेले आणि मार्च 1925 मध्ये त्याच विमानाने लंडनला परतले. 1930 मध्ये एमी जॉन्सन या तरुणीच्या ऑस्ट्रेलियाच्या एकट्या उड्डाणासाठी लॉर्ड वेकफील्ड यांचे आर्थिक साह्य मिळवून देण्यातही ब्रँकर यांचा पुढाकार होता. कराची, झाशी आणि कलकत्ता हे तिच्या मार्गावरील टप्पे होते.

ज्या हवाई जहाजांच्या बोलणीसाठी ते 1924 मध्ये आले होते, त्यांपैकीच एक होते आर-101. कार्डिंग्टन येथे सरकारी कारखान्यात बांधलेले, हायड्रोजनने भरलेले हे 777 फूट लांबीचे जहाज इस्मायलियामार्गे कराचीला यावयाचे होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि तेथे त्याच्यासाठी अजस्र शेड उभी राहिली होती. चाचण्या अपुऱ्या होत्या. मधोमध कापून नव्याने लांबवलेल्या जहाजाची पूर्ण वेगाने, वाईट हवेत परीक्षा झालेली नव्हती. ब्रँकर यांना शंका होत्या आणि त्यांनी त्या हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन यांच्याकडे बोलून दाखवल्या, असे नंतर सांगितले गेले. या थॉमसन यांचा जन्म नाशिकचा, हाही एक योगायोग. उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र निघण्याच्या सुमारासच देण्यात आले. 4 ऑक्टोबर 1930 च्या संध्याकाळी, पावसाळी हवेत, आर-101 ने कार्डिंग्टनचा मनोरा सोडला. जहाजात 54 जण होते. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ ते जमिनीवर आदळले आणि पेटले. एकूण 48 जण मरण पावले. त्यांत थॉमसन आणि 53 वर्षांचे ब्रँकर होते. सर्वांचे दफन कार्डिंग्टनच्या चर्चच्या आवारात एकाच कबरीत करण्यात आले.

ब्रिटनने हवाई जहाजांचा कार्यक्रम गुंडाळला. कराचीच्या शेडमध्ये एकही जहाज कधी आले नाही. दोन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, त्याच ड्रिग रोड विमानतळावरून जे.आर.डी. टाटा यांनी डी हॅविलंडचे एक लहानसे पस मॉथ विमान टपालासह उडवले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईत जुहूच्या तळावर उतरवले.